भिजत घातलेली नाव

आमच्या घरात दोन लेकी होत्या. एक मी आणि दुसरी नाव. त्यातली थोरली ती, हे आबांनी मला कधी विसरू दिलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. भीमेच्या काठाला, भिगवणच्या खालच्या अंगाला आमचं कोळ्याचं घर. अलीकडं आमचा इंदापूर तालुका, पलीकडं करमाळा, आणि मध्ये पूल नाही. पलीकडच्या माणसाला आगगाडी गाठायची असो, इंदापूरच्या बाजाराला यायचं असो, नाहीतर कोर्टाची तारीख असो, आमच्या नावेशिवाय गत्यंतर नव्हतं. आता तिथं धरणाचं पाणी पसरलंय. घर, काठ, वाट काही दिसत नाही. पण मी सांगते ते धरणाच्या पुष्कळ आधीचं. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाचं.

नाव आजोबांनी बांधवून घेतली होती. बारामतीहून सागवान बैलगाड्यांतून आणलं आणि शेळगावचा एक सुतार चार महिने आमच्या दारात मुक्कामाला ठेवला. नाव म्हणायची एक, पण होत्या त्या दोन. मध्ये चार हात जागा सोडून दोन्ही होड्या शेजारी उभ्या करायच्या, वरून आडवे वासे टाकून जखडायच्या आणि त्यावर फळ्यांचा पाट अंथरायचा. त्या पाटावर जुंपलेली बैलगाडी उभी राही. पुढं पुढं मोटारीही यायला लागल्या. पहिली जीप चढली ती कुठल्याशा साहेबाची. ड्रायव्हर पुण्याकडचा. फळ्या करकरल्या तशी त्यानं दोन्ही हातांनी चाक धरून डोळेच मिटले. आबा त्याला म्हणाले, "अवं ड्रायव्हरसाहेब, डोळं मिटून तुमी रस्त्यावर गाडी हाकता का? मग हितं कशाला मिटता? उघडा की, नदी बघा." साहेब हसले. ड्रायव्हर मात्र पलीकडं उतरेपर्यंत रामराम करत होता.

त्या नावेनं काय वाहिलं नाही! उसाचं बेणं वाहिलं, साखर कारखान्याचा ट्रॅक्टर वाहिला, वऱ्हाडं वाहिली, मेंढरांचे कळप वाहिले. काठावरच्या गावांना आम्ही पैसे मागत नसू. सुगीत खळ्यावर गेलं की ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं ज्वारी पदरात पडायची. त्यामुळं गावातल्या कुणालाही आबांना हाक मारायचा हक्क होता, आणि आबाही हाक आली की तोंडातला घास टाकून उठायचे. आई चिडायची. "जेवा तरी मेलं धड!" पण आबा पायऱ्या उतरून गेलेले असायचे.

मला त्या नावेचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? तिला तेलपाणी वेळेवर, तिची पूजा सणासुदीला, तिच्या एका फळीला चीर गेली तर आबांची झोप उडायची. मला ताप आला तर म्हणायचे, "उतरंल." मी तशी तोंडाळच. एकदा म्हणाले, "आबा, माझं लगीन लावताना नावंला विचारा बरं का, न्हाय तर रुसंल." आबा उठून नावेकडं निघून गेले. पुढं लग्न ठरलं तेही पलीकडच्या काठापासून अर्ध्या कोसावरच्या गावात. शेतकरी घर, कांदा-भुईमुगाचं रान. आबा म्हणाले, "बरं झालं. जाता-येता नजरंखाली ऱ्हाशील." मला वाटलं, नजर ठेवायला सवड कुठं हाय ह्यांना?

आता नाव भिजत घालायची म्हणजे काय ते सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही. उन्हाळ्यात भीमेला पाणी राहत नसे. उतारावर, म्हणजे जिथून चालत नदी ओलांडता येई तिथं, जेमतेम घोटा बुडे. गाड्या सरळ पात्रातून जात. मग नावेला सुट्टी. आबा दोन्ही होड्या सोडवून काठावर ओढायचे, कुजक्या फळ्या बदलायचे, सांधे काथ्यानं ठासायचे, वर राळ आणि डांबर. पण उन्हात ठेवलेलं लाकूड आक्रसतं, सांध्यांना फटी पडतात. तशी नाव पाण्यात घातली तर चाळणीसारखी गळणार. म्हणून मृगाच्या आधी, ज्येष्ठाच्या तोंडाला, दोन्ही होड्या घराखालच्या डोहात न्यायच्या, आत धोंडे भरायचे आणि चक्क बुडवून ठेवायच्या. नऊ दिवस. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधा सांध्याला घट्ट बसतो. मग धोंडे काढायचे, नाव वर घ्यायची, की वर्षभर काळजी नाही. नऊ दिवसांत आबा एक तास कमी करत नसत. "बाळंतीण अन् नाव, मधी उठवू नये," असं म्हणायचे.

मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. सातव्या महिन्यात न्यायचं, पण तेव्हा भुईमुगाची काढणी निघाली आणि सासूबाईंनी चार दिवस, चार दिवस करत महिना काढला. आठव्यात गरवार बाईनं नदी ओलांडायची नाही, अशी आमच्याकडं रीत. आठवा संपला, नववा लागला. सासूबाई माणूस चांगल्या. म्हणाल्या, "आता जा बाई. पाणी न्हाय, उन्हं कलली की गाडीतनं सोडून येतील तुला." हे, म्हणजे माझे मालक, गाडी जुंपायलाही तयार झाले.

मी म्हणाले, "मुराळी आल्याबिगर मी जायाची न्हाय."

मुराळी म्हणजे लेकीला न्यायला माहेराहून येणारा माणूस. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर बाप. डोक्यावर फडकं बांधलेली पाटी, पाटीत लाडू-करंज्या, आणि सगळ्या गावादेखत लेक मानानं निघते. मला भाऊ नव्हता. आले तर आबाच येणार. लग्न झाल्यापासून दोन वर्षांत ते मला न्यायला एकदाही आले नव्हते. प्रत्येक सणाला निरोप यायचा, नावंवर गर्दी हाय, तू ये. मी आपली पिशवी उचलून त्यांच्याच नावेत बसून माहेरी जायची. जावा हसायच्या. "हिचा बाप मुराळी न्हाय, नावाडी हाय." मी हसण्यावारी न्यायची, पण आत जळत असायची.

ह्या खेपेला मी ठरवलं, एकदा तरी त्यांनी नाव सोडून माझ्यासाठी यायचं. बस्स.

आमच्या गावात बांगड्या भरायला एक कासारीण यायची, ती नदीच्या दोन्ही काठांना फिरायची. तिच्यापाशी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली. ओसरीत बसून, पाणी पिऊन, सावकाश सांगितलं तिनं, "तुझं आबा म्हनलं, नाव कालच भिजत घातलीया. औंदा फळ्या लई बदलल्यात, धोंडा जरा बी सरकला तर व्हडी वाकडी बसंल. ध्यान ठेवाय दुसरं कुनी न्हाय. नऊ दिस झालं की म्या सवता येतो. अन् घाई आसंल तर जावयासंगं ये म्हनावं, पानी घोट्याएवढं हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला म्हणाले, "सांग त्यांना, नाव भिजू द्या म्हनावं चांगली. मी बी भिजत घोंगडं होऊन हितंच पडते."

सासूबाईंनी समजावलं. "अगं, बाप तो बाप. त्याच्यासंगं कसली ईर्षा? हाताच्या अंतरावर माहेर." हे म्हणाले, "मी मुराळी होतो, चल." मी ऐकलं नाही. कुणाला घाई वाटण्याचं कारणही नव्हतं. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. नऊ दिवसांनी आबा येणार, मी पाटी घेऊन आलेल्या बापाबरोबर नाकासमोर बघत, जावांच्या अंगणावरून जाणार. एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही शिरतच नव्हतं.

नाव बुडवल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मला कळा सुटल्या.

आधी वाटलं, पोटात वारा धरलाय. मग सासूबाईंच्या लक्षात आलं. गावातली सुईण बोलावली. हात फिरवून फिरवून तिनं पोट चाचपलं आणि तिचं तोंड उतरलं. माझ्याशी ती गोड बोलत राहिली, पण दाराआड सासूबाईंना म्हणालेलं मी ऐकलं, "पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाय हे. इंदापूरच्या दवाखान्यात न्या, आन् आत्ताच्या आत्ता न्या."

गाडीत कडबा पसरला, वर दोन वाकळा. मला उचलून ठेवलं. सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, हे बैलांच्या पुढं चालत होते. अर्धा कोस रस्ता, पण प्रत्येक खडा माझ्या कमरेतून जात होता. मी म्हणत होते, घोटाभर पाणी आहे, गाडी सरळ पार जाईल, पलीकडं आबा हायेत, तिथनं इंदापूर गाठू. तोंडानं हेच चालू होतं. सासूबाई "व्हय गं, व्हय" म्हणत होत्या.

काठावर गाडी थांबली, ती पुढं सरकेचना. मी म्हणाले, "काय झालं? हाका की." तरी कुणी हलेना. मग मी कोपरावर जोर देऊन वर झाले आणि बघितलं.

उतार नव्हता. लाल, गढूळ पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं. वर आभाळ स्वच्छ, डोक्यावर ऊन मी म्हणतंय, आमच्याकडं एक थेंब पडलेला नाही, आणि नदीत मात्र फेस, काटक्या, एक अख्खं बाभळीचं झाड. वर कुठंतरी, घाटाकडं, रोहिणीचा पाऊस झाला असणार. असं पाणी मृगाच्या आधी क्वचित यायचं. आबांनी सगळ्या आयुष्यात दोनदा-तीनदा बघितलं असेल. त्यावर्षी आलं.

पलीकडं आमचं घर दिसत होतं. दारातला शेवगा दिसत होता. यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "ओऽऽ मामाऽऽ!" तीनदा मारली. घरातून आई बाहेर आली, मग आबा आले. हे ओरडले, "कळा सुटल्यात तिलाऽऽ! पोर आडवं हायऽऽ!" पाण्याच्या आवाजात काय कळलं, काय नाही, कोण जाणे. पण गाडी दिसली असणार, गाडीत निजलेलं कुणीतरी दिसलं असणार. आबा डोहाकडं धावत सुटले. माझा बाप धावताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

नाव डोहाच्या तळाला, आणि डोहावर आता पुरुषभर पाणी जास्तीचं चढलेलं. आबांनी बुडी मारली. वर आले ते एक धोंडा पोटाशी धरून. तो बाजूला टाकला, पुन्हा खाली गेले. भावकीतले दोघंतिघं आले, त्यांनीही उड्या घेतल्या. आई बैलजोडी घेऊन आली, दोर पाण्यात सोडला. आम्ही ह्या काठावरून नुसतं बघत होतो. डोकी वर येत होती, खाली जात होती. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता नाव दिसेल. पाणी तसंच.

हे म्हणाले, "गुऱ्हाळावरची काहील आणतो. काहिलीतनं माणसं पार जात्यात." सासूबाई कडाडल्या, "शाणा हाईस! आडव्या पोराची बाई काहिलीत कशी बसवशील? अन् ह्या पाण्यात गरागरा फिरंल ती." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. हे पाण्यात कमरेइतकं गेले, पाय सुटायला लागले, परत आले. पुन्हा गेले. मी म्हणाले, "नका जाऊ, मला सोडून नका जाऊ." एरवी मी असलं काही बोलणारी नव्हते.

मी त्या नावेला शिव्या दिल्या. आबांना दिल्या. म्हणाले, "जळो ती नाव! थोरली लेक म्हनं! बुडवून ठेवलीया, आता काढा म्हनावं!" सासूबाई म्हणाल्या, "गप बाई, दम घालवू नगंस." मी गप्प झाले, की आतून दुसरंच वर यायचं. चार दिवस. चार दिवस पाणी घोटाभर होतं, गाडी जुंपलेली होती, नवरा चल म्हणत होता. मला कुणी अडवलं नव्हतं. आबांना दिलेल्या शिव्या मला स्वतःलाच लागत होत्या आणि कळ आली की मी पुन्हा आबांनाच द्यायची.

ऊन कलायला लागलं तेव्हा पलीकडं ओरडा झाला. एका होडीचं नाक पाण्याबाहेर आलं होतं. बैलांनी ओढून तिला काठाला आणलं, माणसं पाणी उपसायला लागली, घागरींनी, पाट्यांनी, मिळेल त्यानं. दुसरी होडी तशीच तळाला राहिली. पाट नाही, जोड नाही, एकटी होडी लोंढ्यात घालायची म्हणजे जीव टांगणीला. आबांनी घातली. बरोबर माझा एकच चुलता, पाणी उपसायला. आबा बांबू रेटत होते, नाव तिरकी तिरकी खाली वाहत होती, आणि लागली ती आमच्यापासून कितीतरी खाली. मला वाकळेत घालून काठाकाठानं तिथवर नेलं.

आबांचे डोळे लालभडक झाले होते, हाताची नखं उखडली होती. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील, नाहीतर मी तरी बोलेन. ते एवढंच म्हणाले, "चल बाय."

होडी गळत होती. गळणारच. लाकडानं पाचच दिवस पाणी प्यायलं होतं, नव्या फळ्या अजून बसल्या नव्हत्या, प्रत्येक सांध्यातून पाण्याची धार आत. मी तळाला वाकळेवर पडलेली, पाणी माझ्या पाठीखाली, मग कुशीपर्यंत. सासूबाई आणि चुलता उपसत होते, ह्यांनी दुसरा बांबू घेतला होता. आबा पुढं उभे.  मला ते सगळं स्पष्ट दिसत होतं, कारण मधल्या धारेत आल्यावर माझं दुखणं एकदम कमी झालं.

पोटातलं लेकरू हलायचं थांबलं होतं. सकाळपासून ते धडपडत होतं, लाथा मारत होतं, आणि आता काहीच नव्हतं. मला कळलं. आईला कळतं. मी कुणालाच सांगितलं नाही. समोर आबा सगळा जीव लावून बांबू रेटत होते. काय सांगू? मी डोळे मिटून घेतले आणि सासूबाईंना म्हणाले, "अजून किती हाय?" त्या म्हणाल्या, "आलंच गं."

इंदापूरला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. डॉक्टरांनी मला वाचवलं. मुलगा होता. पुरा वाढलेला, डोक्यावर केस. मला दाखवू नका असं सगळे म्हणत होते, मी मागून घेतला. आबा बाहेर लिंबाखाली बसून होते. ते आत आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

मग बाळंतिणीसारखी सव्वा महिना माहेरीच राहिले, बाळाशिवाय. दूध यायचं. आई छातीला फडकं आवळून बांधायची आणि पाठीमागं जाऊन डोळे पुसायची. आबा आणि मी एका घरात होतो, पण "जेवलीस का", "व्हय" ह्याच्यापलीकडं बोलणं नाही. मी रडले नाही. लोक म्हणायचे, पोरगी दगडाची हाय. असेन. मला वाटायचं, मी रडायला लागले तर सगळं बोलून जाईन, आणि बोलले तर आबांना म्हणावं लागेल, तुम्ही आला नाहीत. मग ते विचारतील, तू का नाही आलीस?

पूर ओसरल्यावर दुसरी होडीही काढली, जोडली, आणि नाव पुन्हा चालू झाली. बाजार, वऱ्हाड, जीपा, सगळं पहिल्यासारखं. पण पुढच्या उन्हाळ्यात आबांनी ती काठावर ओढली नाही. भिजत घालायचा तर प्रश्नच नाही. उताराला घोटाभर पाणी होतं, माणसं चालत जात होती, आणि नाव डोहात जोडलेली तशीच तरंगत होती. लोक म्हणाले, "आबा, आवं डागडुजी नको का? बुडाला कुजंल की." आबा म्हणाले, "कुजू दे. पलीकडं कुनाची लेक उभी ऱ्हायली तर?" 

पुढच्या उन्हाळ्यातही तेच, त्याच्या पुढच्याही. जी नाव दर वर्षी उन्हाळ्यात विसावा घ्यायची, तिला विसावाच मिळाला नाही. वरून ऊन, खालून पाणी. बूड मऊ पडलं, फळ्यांत बोट रुतायला लागलं. जीपवाल्यांनी दुसरी वाट धरली. गाड्या कमी झाल्या. आबा म्हातारे दिसायला लागले. शेवटी एका दसऱ्याला, माणसं उतरून गेल्यावर, काठाशीच एका बाजूनं ती खाली बसली आणि भरली. चाळीस वर्षं चाललेली नाव, गुडघाभर पाण्यात गेली. पुढं सरकारनं तिथं लोखंडी नाव दिली, दुसऱ्या कुणाला तरी.

तोवर मला मुलगी झाली होती. तिच्या वेळी मी माहेरी गेलेच नाही, सातव्या महिन्यात स्वतःहून कळंबला मावशीकडं जाऊन राहिले. तिथं नदी ओलांडायची भानगड नव्हती. पोरगी सहा महिन्यांची असताना तिला दाखवायला म्हणून आले, तर आबा अंगणात नावेच्या फळ्या फोडत होते. चुलीला. मी आईला म्हणाले, "आता कुठं हिला सोडलं त्यांनी."

आई चुलीपुढं बसली होती. ती एकदम भडकली. एवढी गरीब बाई, पण भडकली. "किती दिस असं टोचून बोलशील गं? दोनदा निघालं हुतं तुझं आबा तुला न्याया. नाव भिजत घातली त्याच्या तिसऱ्या दिशी अन् चौथ्या दिशी. फेटा बांधून उतारापातूर गेलं अन् दोन्ही खेपा माघारी आलं."

मी म्हणाले, "का?"

"घरात गूळ हुता, डाळ न्हवती. लाडू कशाचं करू? पाटी रिकामी. म्हनलं, लेकीच्या दारात मोकळ्या हातानं गेलो तर तिच्या जावा हसतील. नऊ दिस होईस्तवर कुनाकडनं तरी डाळ आनू, मग जातो. नावंचं निमित्त केलं त्यांनी. नावंजवळ काय, म्या बसले असते की."

माझ्या कडेवर पोरगी होती, ती तशीच घेऊन मी अंगणात गेले. आबा कुऱ्हाड टेकवून थांबले.

"आबा, तुमी उतारापातूर आला हुता?"

"व्हय."

"मला काय करायचं हुतं वं त्या लाडवांचं? मी लाडू मागितलं हुतं का? नुसतं यायचं हुतं तुमी!"

आबांनी फोडलेली फळी ढिगावर टाकली. मग म्हणाले, "तू बी आलीवतीस की. चौथ्या दिशी. धुनं घेऊन. म्या हिकडनं बघितलं तुला, पान्यात उभी हुतीस. मला वाटलं, येतीया. म्या वाट बघितली. मग तू वळलीस."

हे खरं आहे. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही, वर लिहितानाही गाळलं. धुणं सासरच्या विहिरीवर व्हायचं. त्या दिवशी मी मुद्दाम नदीवर गेले होते. उताराच्या मध्यापर्यंत चालत गेले होते मी. पाणी खरंच घोट्याएवढं होतं, आणि पलीकडं फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. मला ओळखू आला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ओळखला होता. मला वाटलं, आता ते पहिलं पाऊल टाकतील.

मी अंगणात बसले आणि मोठ्यानं रडले. लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा. पोरगी घाबरून माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली. आबांनी कुऱ्हाड ठेवली, तिला माझ्या मांडीवरून उचललं आणि तिला घेऊन ते सावलीत जाऊन उभे राहिले.